सरांना दिलेलं पहिलं वाक्य

सरांच्या घरातली वरची खोली मला मिळाली ती पेपरमुळं.

मी इंदापूर तालुक्यातली. बारामतीत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम लागलं आणि मी खोली शोधत फिरायला लागले. घरमालक आधी गाव विचारायचे, मग आडनाव, आणि आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. आजोबांनी दीक्षा घेतली, वडील मास्तर झाले, मी बी.एस्सी. झाले, तरी बारामतीतल्या खोल्या कालच जात होत्या. सरांनी आडनाव विचारलंच नाही. दारात उभं राहून चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "पेपर वाचतेस का?"

"वाचते."

"मग माझा वाचून झाला की तुझा. उलटं चालायचं न्हाय. मी त्याच्यावर लिहितो."

खरंच लिहायचे. सरांनी इंदापूरच्या एका हायस्कुलात हयातभर मराठी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर बारामतीच्या ख्रिस्ती वस्तीतल्या या घरात येऊन राहिले, कारण बायकोची नोकरी इथल्या प्रसूतिगृहात होती. तिला सगळी वस्ती सिस्टर म्हणायची, आणि सरांना सगळे सर. सिस्टरसुद्धा त्यांना सरच म्हणत.

माझ्याकडं येणाऱ्या पेपरात लाल पेन्सिलीचे गोल असायचे. 'हल्ल्यात बालके दगावली' अशी बातमी असली की 'दगावली'भोवती गोल, आणि बाजूच्या कोऱ्या जागेत, 'कोणी मारली?' 'गावे रिकामी झाली', गोल, 'कोणी केली?' सरांचं म्हणणं असं, की मराठीत पाप लपवायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे क्रियापद. कर्ता काढून टाकला की कुणीच काही केलेलं राहत नाही.

बाहेरही हेच. सिस्टरांच्या जुन्या लेडीज सायकलवरून बाजारात जायचे आणि पाट्या वाचत थांबायचे. कोपऱ्यावरच्या सलूनवर 'येथे केस कापले जातील' असं लिहिलं होतं. सर सायकल लावून आत गेले. न्हावी मुसलमान, वयानं सरांच्याच बरोबरीचा.

"कापले जातील म्हणजे? कोण कापणार?"

"मीच की, सर."

"मग तसं लिही."

त्यानं काय मनावर घेतलं कुणास ठाऊक, पुढच्या महिन्यात पाटी रंगवून घेतली: 'मी केस कापतो.' लोक हसायचे, पण गर्दी वाढली. सर तिथून जाताना पाटीकडं बघून मान डोलवायचे.

त्यांच्या बोली दोन होत्या. एरवी इंदापूरकडची, हाय-न्हायची. रागावले की शुद्ध पुस्तकी. वर्गातल्या मुलांना म्हणे त्यावरूनच कळायचं, आता छडी निघणार की नाही. माझ्या वाट्याला मात्र त्यांचा राग कधी आला नाही. सकाळी लॅबला निघताना विचारायचे, "आज किती जणांचं रक्त काढणार?" आणि मी काहीही सांगितलं तरी म्हणायचे, "जपून. दुसऱ्याचं असतं."

रविवारी कधी कधी मी सिस्टरांबरोबर चर्चला जायची. तिथल्या उपासनेत एक वेळ अशी असते, की मंडळीतला कुणीही उभं राहून मोठ्यानं प्रार्थना करू शकतो. कुणी आजाऱ्यासाठी करतं, कुणी परीक्षेसाठी. सर बहुधा पावसापाण्यासाठी करायचे. ते बदललं त्यांच्या मुलाच्या फोनमुळं.

मुलगा पुण्याला कामाला होता. ती कंपनी बंद पडली, बरेच दिवस घरी बसला, आणि शेवटी बायको आणि छोट्या मुलीला घेऊन बारामतीला आला. एका दुपारी तो फोनवर काहीतरी बघत होता आणि सर मागं उभे होते. दूरदेशी चाललेल्या युद्धातला व्हिडिओ होता. पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं लहान मूल एक बाप हातांवर घेऊन चालला होता. चालता चालता मधेच थांबला, चादर सारखी केली आणि पुन्हा चालायला लागला.

"आत्ताचं हाय का हे?" सरांनी विचारलं.

"कालचं."

सरांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. मला जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "चादर सारखी केली गं त्यानं. थंडी वाजेल म्हणून."

त्यानंतर दर रविवारी उभं राहून ते तिकडच्या मुलांसाठी प्रार्थना करायला लागले. देशाचं नाव कधी घेतलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नाव घेतलं की लोक बाजू घेतात, आणि मूल बाजूला राहतं." सुरुवातीला मंडळीनं 'आमेन' म्हटलं. पण सर थांबेनात. प्रार्थना लांबत गेली आणि तिच्यात प्रश्न यायला लागले. प्रभू, आम्ही गप्प का आहोत, हे तू आम्हाला विचार. प्रभू, हत्यारं विकणाऱ्याला विचार, विकत घेणाऱ्याला विचार. मंडळीतल्या काही जुन्या माणसांना हे खुपायला लागलं. त्यांच्या मते ती भूमी शास्त्रातली, तिथं जे चाललंय ते लिहिल्याप्रमाणं चाललंय, त्यात आपण तोंड घालू नये. एकानं चर्चच्या पायऱ्यांवरच सरांना तसं सुनावलं.

सर पुस्तकी मराठीत गेले. "प्रभूच्या जन्माच्या वेळी राजाने तान्ही मुले मारली, तेही शास्त्रात लिहिलेले आहे. म्हणून तो राजा योग्य ठरतो काय?"

त्या माणसानं चपला घातल्या आणि निघून गेला.

तोवर मुलाला एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये काम लागलं होतं. लोखंड कातायच्या सीएनसी मशीनवर. घरात जरा उजेड आला. सूनबाई हसायला लागली, सिस्टरांनी नातीला नवीन दप्तर आणलं. मग एका संध्याकाळी तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला. मी खाली होते, सिस्टरांच्या साखरेचा रिपोर्ट द्यायला आले होते, म्हणून मलाही जेवायला बसवलं. त्यांच्याकडं जेवणाआधी सर हात जोडून अन्नासाठी आभार मानत. ते झालं, आणि मुलगा म्हणाला, "मोठी ऑर्डर आली. दोन पाळ्या चालनार आता. मला पक्कं केलं."

"कसली ऑर्डर?" सर म्हणाले.

"डिफेन्सची. तोफगोळ्याचं कवच. आमी नुसतं लोखंड घासून देतो. दारू बिरू दुसरीकडं भरत्यात."

"जातं कुठं?"

मुलगा सिस्टरांकडं बघायला लागला. "बाहेर जातं."

"बाहेर म्हणजे?"

"सुपरवायझर सांगत होता." त्यानं देशाचं नाव सांगितलं.

तिकडच्या मुलांवर गोळे टाकणारा तोच देश. सर ताटावरून उठले, ताट उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं आणि बाहेर जाऊन सायकलीची धूळ पुसत बसले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःचा स्वयंपाक वेगळा सुरू केला. पेन्शनमधून आणलेलं वेगळं पीठ, वेगळी डाळ. भाकरी येत नव्हती, सगळ्या फाटायच्या. एकाच स्वयंपाकघरात दोन चुली झाल्या आणि मध्ये सिस्टर. सगळ्यांच्या ताटावरची प्रार्थना सरांनी बंद केली. म्हणायचे, ज्या पगारानं हे अन्न आलं त्याचे आभार मी देवाला कोणत्या तोंडानं मानू? नात विचारायची, "आबा, तुमी आमच्यात का न्हाय बसत?" सर तिला मांडीवर घ्यायचे, उत्तर द्यायचे नाहीत. एवढा एक प्रश्न मी त्यांना टाळताना पाहिला.

मुलगा वाईट नव्हता. उलट बापावर फार जीव. एके दिवशी जिन्याखाली त्यांचं बोलणं झालं ते मला वर सगळं ऐकू आलं.

"मी सोडलं तर दुसरा करंल, पप्पा. मशीन थांबत न्हाय."

"थांबू दे किंवा न थांबू दे. तू थांब."

"आन खाऊ काय? तुमाला पेन्शन हाय. तुमाला तिकडची पोरं दिसत्यात, हितली एक न्हाय दिसत."

मग सरांचा आवाज, अगदी खालच्या पट्टीत. "दिसती की. रोज दिसती. तिच्याकडं बघितलं की ती चादर दिसती."

मुलगा रडला असावा. सिस्टर आतून आल्या आणि दोघांना घरात घेऊन गेल्या.

गुड फ्रायडेला दुपारी चर्चमध्ये मोठी उपासना असते. येशू ख्रिस्त वधस्तंभावरून बोलले ती सात वाक्यं, एकेका वाक्यावर मंडळीतला एकेक जण बोलतो. दरवर्षी सर सहावं किंवा सातवं बोलायचे. त्या वर्षी पाळक साहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, त्यांना पहिलं दिलं. ज्यांनी खिळलं त्यांना, बापा, माफ कर, आपण काय करतोय ते त्यांना कळत नाही, अशा अर्थाचं. पाळक साहेबांचा हेतू चांगला होता. क्षमेवर बोलायला लागलं तर सर जरा निवतील, असं त्यांना वाटलं. सिस्टरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. "तू माझ्याशेजारी बस. मला भीती वाटती."

एप्रिलचं ऊन. पंखे नुसता गरम वारा ढवळत होते. तिसऱ्या बाकावर मुलगा, सूनबाई आणि नात. सर पांढरा सदरा घालून पुढं आले, हातात कागद नव्हता. सुरुवात पुस्तकी मराठीत केली, आवाज शांत. त्या शिपायांना खरोखर माहीत नव्हते, म्हणाले. त्यांना हुकूम होता, त्यांनी एका गुन्हेगाराला खिळले, एवढेच त्यांना ठाऊक. ज्या लोहाराने खिळे घडवले त्याला तर काहीच ठाऊक नसणार. त्याला वाटले असेल, दाराला लागतील, नावेला लागतील. म्हणून प्रभूने त्यांच्यासाठी क्षमा मागितली.

मग ते थांबले. बोली बदलली. मला वाटलं होतं रागावतील, पण ते रागावले नाहीत.

"पण आपल्याला कळतं. खिळे आपल्या गावात बनत्यात, आन कुठं ठोकले जाणार हाय ते आपल्याला सांगून बनत्यात. माझा मुलगा बनवतो. माझ्या घरात त्याचा पगार येतो. आन आपण समदी हितं बसून गाणी म्हणतो. ही क्षमा प्रभूनं न कळणाऱ्यांसाठी मागितली. ती मी माझ्या मुलासाठी मागू शकत न्हाय. माझ्यासाठी बी न्हाय. आमाला कळतंय."

खाली बसले. गाणं सुरू व्हायला हवं होतं, पेटीवाला विसरून गेला. मुलगा उठला. मुलीला कडेवर घेतलं आणि मधल्या वाटेनं बाहेर गेला. सिस्टरांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली.

कुणीतरी फोनवर ते सगळं घेतलं होतं. सोमवारी ते वर्कशॉपच्या मालकाकडं पोचलं. माणूस सभ्य. त्यानं मुलाला केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि सांगितलं, "तुझ्या वडिलांबद्दल मला आदर आहे. पण ऑर्डर देणाऱ्या पार्टीपर्यंत हे गेलं तर माझी ऑर्डर जाईल. तू उद्यापासून येऊ नको."

त्या आठवड्यातली एक सकाळ मी विसरू शकत नाही. वडगाव निंबाळकरचा एक तरुण दारात आला. सरांच्या जुन्या विद्यार्थिनीचा मुलगा. हातात पेढे. सरांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आईनं सांगितलं, पयल्या दिवशी सरांच्या पाया पडून जा. एमआयडीसीत काम लागलंय."

"कोणत्या कंपनीत?"

त्यानं सांगितलं. तेच वर्कशॉप, तेच मशीन. कुणाच्या जागी आपण चाललोय हे त्याला माहीत नव्हतं. सर त्याच्या डोक्यावर हात ठेवायला वाकले होते, तो हात हवेतच राहिला. तो बिचारा मान खाली घालून वाट बघत होता. शेवटी सिस्टर पुढं आल्या, त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सुखी राहा बाळा. उशीर होईल, जा."

पेढा दिवसभर खिडकीत पडून होता. मुंग्यांनी नेला.

पाळक साहेब संध्याकाळी आले. तरुण होते, दोन लहान मुलं होती त्यांना. सरांसमोर खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "सर, आपण इथं मूठभर आहोत. उद्या कुणी म्हणालं, हे लोक देशाच्या कामाविरुद्ध बोलतात, तर चर्चवर पहिला दगड येईल. मी काय करू? तुम्ही काही दिवस समोर येऊ नका. मोठ्यानं प्रार्थनाही नको."

"तुमी घाबरलात ह्याचं मला वाईट वाटत न्हाय, साहेब," सर म्हणाले. "मी बी घाबरतो. मला वाटायचं, घाबरत घाबरत का होईना, बोलायचं असतं."

पुढच्या रविवारी मोकळ्या प्रार्थनेची वेळ आली तेव्हा सर मागच्या बाकावर उभे राहिले. तोंड मिटलेलं. लोक बसले तरी ते उभेच, उपासना संपेपर्यंत. असे कितीतरी रविवार. सुरुवातीला माना वळायच्या. नंतर सवय झाली, आणि कुणी बघेनासं झालं. लहान मुलांना वाटायचं, आजोबांच्या गुडघ्याला काहीतरी झालंय.

मुलाला चाकणला काम मिळालं आणि तो बायको-मुलीला घेऊन गेला. जाताना बापाशी बोलला नाही, पण वाकून नमस्कार केला. तिकडं सूनबाईलाही नोकरी लागली, म्हणून नातीला सांभाळायला सिस्टर गेल्या. खरं कारण तेवढंच नव्हतं. बॅग भरताना मला म्हणाल्या, "मी हजारो बाया मोकळ्या केल्या. प्रत्येक पोर रडलं की बरं वाटायचं. सर म्हणत्यात ते खरं हाय, मला कळत न्हाय असं न्हाय. पण ह्या घरात आता श्वास कोंडतो गं."

मग घरात सर आणि वर मी. पेपर माझ्याकडं कोरा यायला लागला, कधी कधी घडीसुद्धा न मोडलेला. फाटलेल्या भाकऱ्या बंद झाल्या, दूध-पाव सुरू झाला. मी कधी भाजी नेऊन दिली तर खायचे. एका दुपारी पायरीवर बसले होते. मी शेजारी बसले.

"मी काय केलं सांग," ते म्हणाले. "एक गोळा कमी झाला का?"

मी पायरीवरचा पाचोळा हातानं बाजूला केला.

"न्हाय झाला. एक माणूस कामावरनं गेला, तो माझा. एक घर फुटलं, ते माझं. तिकडं त्या बापाला कळलं बी न्हाय, की हितं कुणी एक जण बोललं."

"पण सर, बोलायला हवं होतं."

"हवं होतं," ते लगेच म्हणाले. "बोला, एवढं शास्त्रात हाय. बोलल्यानं काय होतं, ते लिहिलेलं न्हाय. मी लई शोधलं."

त्यांचा देवावरचा विश्वास गेला असं मला कधी वाटलं नाही. विश्वास गेला असता तर त्यांना इतकं जड गेलं नसतं.

पुढं माझी बदली झाली, इंदापूरच्या शाखेत. लग्न झालं. सरांना फोन करायची, ते 'बरं हाय' म्हणून ठेवून द्यायचे. मग नाताळच्या आधी सिस्टरांचा फोन आला. "मी परत आले. नाताळला ये."

मी सकाळीच पोचले. सिस्टर स्वयंपाकघरात एकट्या होत्या. सर चर्चला पुढं गेले होते. सिस्टरांनी मला सगळं सांगितलं. त्या परत आल्या होत्या एका अटीवर, की सर पुन्हा असं काही बोलणार नाहीत. सर 'बरं' म्हणाले होते. पाळक साहेबांनाही ते आवडलं, त्यांनी नाताळच्या उपासनेत जगासाठीची छापील प्रार्थना सरांनाच वाचायला दिली होती. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "पोरगं चाकणला तेच करतंय. मोठी कंपनी, तेच काम. ह्यांना सांगितलं न्हाय. आता त्यांना पेलायचं न्हाय."

चर्च भरलं होतं. सर पुढं गेले. किती वाळले होते ते मला लांबून कळलं, सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती मोकळी फिरत होती. छापील कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी वाचलं. जगात शांती नांदावी. युद्धे संपुष्टात यावीत. पीडितांना सांत्वन मिळावे. एकही शब्द चुकला नाही. मंडळीनं मोठ्यानं 'आमेन' म्हटलं. बाहेर येताना सगळे चर्चमधल्या रीतीप्रमाणं त्यांचा हात हातात घेऊन "सलाम सर, फार छान वाचलंत" म्हणत होते. पायऱ्यांवरचा तो जुना माणूसही. सर प्रत्येकाला "सलाम" म्हणत होते.

घरी आलो. सिस्टरांनी पानं वाढायला घेतली, तेवढ्यात चाकणहून व्हिडिओ कॉल आला. नातीनं नवा फ्रॉक दाखवला. मग मुलगा दिसला. सणालाही दुसऱ्या पाळीला जायचं होतं, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. बऱ्याच दिवसांनी बापलेक समोरासमोर आले असावेत. दोघांनाही कुठून सुरुवात करावी कळेना.

"जेवलास का?" सर म्हणाले.

"व्हय, पप्पा."

"काम बरं चाललंय?"

"चाललंय."

सर फोनकडं बघत राहिले. सिस्टर वाढता वाढता थांबल्या. मीही खाली बघितलं.

"मशीन तसलंच हाय?"

तिकडं मुलगा शर्टाचं बटण लावायला लागला. मग म्हणाला, "व्हय. तसलंच."

"हात जपून घाल," सर म्हणाले. "त्याला दया नसती."

"व्हय, पप्पा."

सरांनी फोन सिस्टरांच्या हातात दिला, पाटावर येऊन बसले आणि ताट जवळ ओढून घेत मला म्हणाले, "बस. गार होतंय."